थोरलीचं पाणी

आजीला सहा मुलं झाली असं घरात सांगतात, पण आजी स्वतः कधी सहा म्हणायची नाही. "थोरली, आणि मग पाच," असं म्हणायची. थोरली नऊ वर्षांची होऊन गेली. आमचं गाव माळशिरस तालुक्यातलं, पंढरपूरच्या वाटेवरचं. स्वातंत्र्याच्या तीन-चार वर्षं आधी आषाढी उरकून दिंड्या परतल्या आणि मागोमाग गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. थोरलीला सकाळी जुलाब-वांत्या सुरू झाल्या. दिवस कलेपर्यंत डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली, आवाज बसला. त्या बसलेल्या आवाजात ती रात्रभर एकच गोष्ट मागत राहिली. पाणी. आजीनं ते दिलं नाही. पटकीच्या रोग्याला पाणी द्यायचं नाही हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. पाणी दिलं की जुलाब वाढतात, दुखण्याला बळ येतं. वैद्य तेच म्हणाले, सासू तेच म्हणाली. ओल्या फडक्यानं ओठ तेवढे टिपायचे.

पहाटे ती गेली.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी एका तासाला मला फळ्यावर आतड्यातल्या पेशीचं आवरण काढावं लागतं, त्यावर बसलेलं पटकीचं विष काढावं लागतं, आणि मग ते विष आत कसं शिरतं ते बाणांनी दाखवावं लागतं. मुलं वहीत उतरवून घेतात. मला त्या चित्रात नेहमी एक मुलगी दिसते, जिला मी कधीच पाहिलं नाही. हा लेख तिच्यासाठी लिहिते आहे. तिच्या आईनं मला एकदा एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मी तेव्हा घाईनं दिलं, म्हणूनही.

आमच्या गावाच्या वेशीबाहेर मरीआईचं छोटं देऊळ आहे. पटकीची ही देवी. तिचं ठाणं गावाच्या मधोमध सहसा नसतं, शिवेवर असतं. रोग बाहेरून येतो आणि वेस ओलांडून आत शिरतो, हे गावांना जंतू माहीत होण्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचे. लहानशा लाकडी गाड्यात देवीला बसवायचं, नारळ-लिंबं-नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचं. पुढचं गाव तो गाडा आणखी पुढं ढकलायचं. थोरलीच्या वेळीही गाडा काढला होता. आजी त्याच्यामागं अनवाणी चालत गेली होती.

वेस, शीव, बाहेर, आत. पटकीचं सगळं शास्त्र याच शब्दांत सांगता येतं, आणि शास्त्रज्ञांची पहिली मोठी चूकही नेमकी इथंच झाली.

पटकीत जुलाब होतात ते तांदळाच्या धुवणासारखे. पांढुरके, पातळ, त्यात बारीक कण तरंगणारे. एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या विकृतिशास्त्रज्ञांनी मेलेल्या रोग्यांची आतडी उघडून पाहिली. त्यांना वाटलं, हे कण म्हणजे आतड्याच्या अस्तराच्या सोललेल्या खपल्या. म्हणजे वेस ढासळली आहे, भिंतच उरलेली नाही आणि म्हणून शरीरातलं पाणी धो-धो वाहून जातं आहे. हे समजायला सोपं होतं, पटणारंही होतं. अस्तरच सोललं असेल तर तोंडावाटे दिलेलं पाणी शोषणार कोण? पाणी देण्यात अर्थच नाही. आमच्या गावातल्या वैद्यांनी युरोपातली ही पुस्तकं वाचलेली नव्हती, पण दोघं एकाच ठिकाणी येऊन थांबले होते.

१८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पटकीच्या रोग्यांमध्ये पुन्हापुन्हा दाखवून दिला. (इटलीत फिलिपो पाचिनी यांनी तो १८५४ मध्येच पाहून ठेवला होता, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.) हा जंतू काहीतरी विष सोडत असावा अशी अटकळही कॉख यांनी बांधली. मग कितीतरी वर्षं ते विष शोधण्यात गेली. संशोधक जंतू प्राण्यांच्या रक्तात टोचत होते, पोटाच्या पोकळीत टोचत होते. प्राणी मरत होते, पण त्यांना पटकी होत नव्हती.

हा गुंता सोडवणारा माणूस त्याच कोलकात्यातला. शंभुनाथ डे, जन्म १९१५, हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात. लंडनला पीएच.डी. करून परत आले आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकवता शिकवता, अपुऱ्या साधनांनिशी काम करत राहिले. १९५३ साली त्यांनी केलेला प्रयोग वाचला की मला दरवेळी भरून येतं, इतका तो साधा आहे. जिवंत सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधायचा. त्या बंद तुकड्यात जंतू सोडायचे. आतडं परत पोटात ठेवून पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचं. तो बांधलेला तुकडा पाण्यानं टम्म फुगलेला असायचा. जंतूंशिवाय, ते वाढवायचा नुसता द्रव घातलेला शेजारचा तुकडा होता तसा रिकामा.

एक दोरा आणि एक प्रश्न. रोग आतड्यात होतो, तर आतड्यातच बघा. इतर जण रक्तात शोधत होते. १९५९ मध्ये ते आणखी एक पाऊल पुढे गेले. जंतू वाढवलेल्या द्रवातून सगळे जंतू गाळून काढले आणि नुसता गाळलेला द्रव आतड्याच्या तुकड्यात घातला. तुकडा तरीही फुगला. म्हणजे जंतूनं आत शिरण्याची गरजच नव्हती. त्यानं बाहेर सोडलेलं काहीतरी पुरेसं होतं. कॉख यांच्या अटकळीला उत्तर मिळायला ७५ वर्षं लागली. डे यांचा लेख 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेल विजेत्यानं त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं. १९७८ साली पटकीवरच्या नोबेल परिसंवादाचं त्यांना स्टॉकहोमला बोलावणं आलं. आपल्या देशातल्या एकाही विज्ञान अकादमीनं मात्र त्यांना फेलो करून घेतलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. माझ्या वर्गात दरवर्षी मी हे नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते आणि तास संपेपर्यंत पुसत नाही.

डे यांचे हे प्रयोग चालले होते जवळपास त्याच सुमारास बँकॉकमध्ये पटकीची साथ होती. तिथं युजीन गँगरोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत रोग्यांच्या आतड्यातून अस्तराचे बारीक नमुने काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९६० साली त्यांनी लिहिलं की अस्तर शाबूत आहे. सोललेलं नाही, फाटलेलं नाही. मेलेल्या माणसाचं आतडं काही तासांत आपोआप सुटू लागतं, आणि जुन्या लोकांनी पाहिलं होतं ते हेच. ते तांदळाच्या धुवणातले कण म्हणजे मुख्यतः चिकट स्रावाचे, श्लेष्माचे गोळे.

वेस जागच्या जागी उभी होती. दगडही हललेला नव्हता.

मग आत काय घडतं? आपल्या प्रत्येक पेशीभोवती मेदाचं दुपदरी आवरण असतं. पातळ, लवचिक, हलतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या रेणूंच्या बारीक फांद्या डोलत असतात. कुठली पेशी आतड्याची, कुठली मेंदूची, शेजारी कोण, ही ओळख बऱ्याच अंशी या फांद्यांवरून पटते. त्यांतली एक फांदी म्हणजे जीएम-वन, गँग्लिओसाइड घराण्यातली. मेंदूच्या पेशींवर गँग्लिओसाइडं भरपूर असतात. ती आपल्या कामाची आहेत, आपण आपल्यासाठी घडवलेली आहेत. पटकीचं विष नेमकं जीएम-वनला धरतं, हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडन, इंग्लंड आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

या विषाचा रेणू मला पाच भोयांच्या डोलीसारखा वाटतो. पाच सारखे भाग कडं करून बसलेले, आणि त्यांच्या खांद्यावर सहावा. पाचही भोई पेशीच्या आवरणावर उतरतात आणि प्रत्येक जण एकेक जीएम-वन धरतो. एक पकड सुटली तरी चार असतात, म्हणून ही मिठी फार घट्ट. त्यात या जंतूची आणखी एक तयारी असते. तो एक विकर (एन्झाइम) सोडतो, ते पेशीवरच्या इतर मोठ्या गँग्लिओसाइडांचे शेंडे छाटतं, आणि छाटून जे उरतं ते जीएम-वन. म्हणजे धरायच्या मुठी जंतू आधी वाढवून ठेवतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून होते.

पुढचं सगळं पेशी स्वतःच्या हातानं करते. आवरणाचा तेवढा तुकडा नेहमीसारखा आत वळतो, त्याची पिशवी होते, आणि डोली आत जाते. प्रथिनं ज्या वाटेनं पेशीच्या कारखान्यातून बाहेर येतात त्याच वाटेनं हे विष उलटं चालत थेट कारखान्यापर्यंत पोचतं. तिथं त्याच्या घड्या उलगडतात, आणि खांद्यावरच्या सहाव्याचा एक तुकडा सुटा होतो. कारखान्यातली पाहणी करणारी यंत्रणा त्याला बिघडलेलं प्रथिन समजते आणि बिघडलेल्या प्रथिनांना टाकतात तसा दाराबाहेर टाकते. तिथं खरं तर त्याचे तुकडे व्हायचे. पण तुकडे करण्याची खूण ज्या लायसिन नावाच्या अमिनो आम्लावर लावतात ते या तुकड्यात फारच थोडं आहे. तो निसटतो, पुन्हा घडी घालून उभा राहतो आणि पेशीतल्या एका कळीवर चिकटून बसतो. जी-प्रथिन नावाची ही कळ दाबली जाते आणि आपणहून सुटते. या तुकड्यानं तिच्यावर एक रासायनिक चिठ्ठी डकवली की ती सुटतच नाही. दाबलेली ती दाबलेलीच. सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या पेशीत वाढतच जातो. आतड्याच्या पोकळीकडे उघडणारं क्लोराइडचं दार सताड उघडं राहतं. मिठाची आत येण्याची नेहमीची वाट बंद होते. क्षार बाहेर, त्यांच्यामागं पाणी बाहेर. जोराची पटकी असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर.

या सगळ्यात जंतू आत आलेलाच नाही. तो बाहेर श्लेष्मात, अस्तराला चिकटून बसलेला असतो.

सगळे जंतू असे वागत नाहीत. शिगेला आणि साल्मोनेला सुईसारख्या नळीनं पेशीत प्रथिनं टोचतात आणि आवरणाला हलवून, वर उचलून स्वतःला आत ओढून घ्यायला लावतात. लहान मुलांना जुलाब करणारी ई. कोलायची एक जात तर धरायची कडी स्वतःच घेऊन येते. ती कडी पेशीत टोचते, कडी आवरणातून वर येते, आणि मग जंतू तिला धरून बसतो. वेशीवर कोण कसा वागतो यावर आयुष्य खर्ची घालणारी माणसं जगभर आहेत. मी पटकीपाशीच थांबते. माझी थोरली पटकीनं गेली.

आणि पटकीच्या विषाची मेख तर आणखी खोल आहे. ते या जंतूचं मूळचं नाहीच. मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकालानोस यांनी १९९६ मध्ये दाखवलं की विषाची जनुकं एका विषाणूनं जंतूत आणून ठेवली. जंतूच्या आवरणावर केसासारखी एक दोरी असते, आतड्यात टिकाव धरायला तिचा त्याला उपयोग होतो. तीच दोरी धरून हा विषाणू जंतूत शिरतो. जंतूचीही वेस कुणीतरी ओलांडलेली आहे.

आता थोरलीच्या पाण्याकडे येते.

अस्तर शाबूत आहे, पेशी जिवंत आहे, फक्त तिची एक कळ अडकली आहे. मग तिची बाकीची दारं? आतड्याच्या पेशीवर ग्लुकोज आत घेणारं एक दार असतं. ते एकट्या साखरेसाठी उघडत नाही. साखरेच्या एका रेणूबरोबर मिठातल्या सोडियमचे दोन कण लागतात, तेव्हा ते दोघांना एकदम आत घेतं. साखर आणि मीठ हातात हात घालून येतात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमधल्या एका परिषदेत मांडली. त्या दाराला पटकीचं विष हात लावत नाही. नुसतं मीठपाणी पाजलं तर मीठ आत यायची वाट बंद असते. नुसतं पाणी पाजलं तर त्यातलं फार थोडं अंगी लागतं. पण मीठ आणि साखर एकत्र दिली की दोघं त्या उघड्या दारानं आत जातात, आणि त्यांच्यामागं पाणी आत येतं. एका दारानं वाहून चाललेलं पाणी शेजारच्या दारानं परत. अस्तर खरंच सोललं असतं तर हे कधीच जमलं नसतं.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रोग्यांवर हे करून दाखवलं. तरी डॉक्टरांना भरवसा नव्हता, शिरेतून सलाइन देणं हाच खरा उपचार वाटत होता. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून लाखो माणसं सीमा ओलांडून भारतात आली. सीमेलगतच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, रोगी फरशीवर दाटीनं पडलेले, सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधून घेतल्या, ते पाण्यात कालवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. पाजत राहा. त्या छावणीत आधी ३० टक्क्यांच्या आसपास रोगी दगावत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणाऱ्यांत आया किती असतील याचा मी नेहमी विचार करते. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी, मरणोत्तर मिळालं.

आतड्याच्या अस्तरातली पेशी मुळात चार-पाच दिवसांचीच असते. ती आपोआप गळते आणि खालून नवी येते. कळ अडकलेली पेशीसुद्धा तशीच गळून जाते. पटकीच्या रोग्याला तेवढे दिवस ओलं ठेवायचं असतं. तेवढेच दिवस.

नव्वदच्या सुमाराला मी एम.एस्सी. करत होते. सुट्टीत घरी आले होते. आजी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तू जंतूंचंच शिकतीस न्हवं? पटकीच्या जंतूला पाणी दिलं की बळ येतंय का गं?"

पन्नासेक वर्षं तिनं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. मी वहीत नुकतंच सगळं लिहून घेतलं होतं, मला उत्तर येत होतं, आणि ते मी लगेच देऊन टाकलं. "छे गं आजी. उलट पाणीच द्यायला पाहिजे होतं. साखर-मीठ घालून."

तिचे हात थांबले. थोड्या वेळानं सूप बाजूला ठेवून ती आत गेली. संध्याकाळी ती जेवली नाही. आई माझ्याकडे बघून काही बोलली नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मला तिला सांगायला हवं होतं की तेव्हा हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. कोलकात्याच्या प्राध्यापकांना नव्हतं, लंडनच्या नव्हतं. शंभुनाथ डे तेव्हा उणेपुरे तीस वर्षांचे होते आणि सशाच्या आतड्याला दोरा बांधायला अजून दहा वर्षं होती. तिनं ज्यांचं ऐकलं त्या वैद्यांसारखंच शिकलेसवरले लोकही समजत होते. हे सगळं मी रात्री अंथरुणात जुळवलं आणि सकाळी तिच्याजवळ बसून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं, "साखर किती, मीठ किती?"

अंगणवाडीत जलसंजीवनी शिकवायचे तेच मी सांगितलं. पेलाभर पाण्याला चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. आणि कालवून झालं की आधी आपण चव बघायची, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये.

"ती चव ठावं हाय मला," आजी म्हणाली.

त्या वर्षीच्या आषाढीला आमच्या ओट्यावर दोन हंडे होते. एक नेहमीचा, साध्या पाण्याचा. दुसऱ्यात आदल्या दिवशी उकळून गाळून घेतलेलं पाणी, साखर आणि मीठ. दिंडीत सगळ्यांत मागं राहिलेली, थकलेली, पोट बिघडलेली माणसं कोण ते तिला चालीवरूनच कळायचं. त्यांना ती हाताला धरून ओट्यावर बसवायची आणि दुसऱ्या हंड्यातलं पाजायची. घाई करू द्यायची नाही. एकेक घोट, मध्ये थांबून, पुन्हा एकेक घोट. पेला रिकामा झाला की विचारायची, "अजून देऊ?" आणि उत्तर यायच्या आत भरायची.